डबा आधी, किटली नंतर: सुट्या पानांच्या चहाच्या प्रकल्प नोंदी

४ जून

घरातल्या सगळ्या चहांची मांडणी नव्याने करायला घेतली आहे. फळीवर सध्या पाच प्रकार आहेत: दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश (वसंतातल्या पहिल्या तोडणीचा), आसामचा ऑर्थोडॉक्स (पारंपरिक पद्धतीने पान वळून केलेला), सेंचा हा जपानी हिरवा चहा, गोळीसारखा वळलेला तिएगुआनयिन ऊलाँग आणि पु-अर या चिनी, मुरवून पिकवलेल्या चहाची दाबून केलेली एक चकती. पाचही एकाच झाडाची पानं, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पडतो तो तोडणीनंतर पानाचं काय केलं यावरून. सेंचाचं पान लगेच वाफवून त्याचं काळवंडणं थांबवतात, ऊलाँगचं अर्धवट होऊ देतात, आसामचं पूर्ण. पु-अरवर पुढे सूक्ष्मजीवही काम करतात. मग साठवणही प्रत्येकाची वेगळी लागते का, आणि किती वेगळी, हे बघायचं आहे.

पाकीट फोडल्या दिवशीचा चहा आणि त्याच पाकिटाच्या तळाचा चहा यांची चव जुळत नाही. अशा वेळी आपण पाणी बदलतो, वेळ बदलतो, चमचा वाढवतो. माझा अंदाज असा की दोष बहुतेक वेळा डब्यात असतो. डब्याने जेवढं राखलं तेवढंच किटलीत उतरतं. हे खरं आहे का, ते तपासण्यासाठी या नोंदी.

नियम थोडेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चव कोऱ्या चहाची बघायची, एकदा गरम असताना आणि एकदा कोमट झाल्यावर. कोमट चहात दोष लपत नाहीत.

५ जून

साठवणीला हात लावण्याआधी मोजमाप पक्कं केलं. सपाट भरलेला एकच चमचा वेगवेगळ्या पानांसाठी वापरून तोलला. ऊलाँगच्या घट्ट गोळ्या ३ ग्रॅमच्या आसपास भरल्या, आसामची तुकडा पानं २ ग्रॅमहून थोडी जास्त, आणि दार्जिलिंगची लांब, हलकी पानं १ ग्रॅमच्या थोडी वर. चमच्याने मोजलं तर एका चहात दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त पान पडतं. पुढच्या सगळ्या नोंदी ग्रॅममध्येच.

काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला तरी रोजच्या कामाला पुरतो. खालच्या ओलीच्या प्रयोगासाठी मात्र ०.०१ ग्रॅमचा वापरला.

७ जून

हवेत ओल भरपूर आहे, तेव्हा पहिला प्रयोग ओलीचाच. दार्जिलिंगचे २० ग्रॅमचे दोन वाटे केले. एक उघड्या वाटीत, एक दुहेरी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. दोन्ही एकाच कपाटात, एकाच फळीवर, अंधारात. म्हणजे उजेड आणि उष्णता दोन्हीकडे सारखी, फरक फक्त हवेचा.

चहा कारखान्यातून निघतो तेव्हा त्यात साधारण ३ ते ५ टक्के पाणी असतं. इतकं कोरडं आणि सच्छिद्र पान हवेतली ओल आणि आजूबाजूचे वास दोन्ही ओढून घेतं. जास्मिन चहा याच गुणावर उभा आहे. मोगऱ्याच्या जातीच्या कळ्या संध्याकाळनंतर उमलतात, त्या रात्रभर पानात मिसळून ठेवतात, सकाळी फुलं वेगळी काढून पान पुन्हा वाळवतात, आणि चांगल्या प्रतीसाठी हे परत परत करतात. पानाला फुलाचा वास धरता येतो, तर कपाटातल्या मसाल्याचा आणि साबणाचाही येतोच.

१३ जून

वाटीतला चहा २१.३ ग्रॅम भरला. डब्यातला काट्याच्या हिशेबाने जिथल्या तिथे. म्हणजे वाटीतल्या पानाने सव्वा ग्रॅमहून जास्त पाणी हवेतून घेतलं. वाळलेलं पान चिमटीत धरून मोडलं की कुडकन तुटतं. वाटीतलं वाकत होतं. सादळलेलं पान ओळखायला ही चिमटीची परीक्षा पुरेशी आहे, काटा नसला तरी चालतं.

दोन्ही चहा एकाच मापाने केले. डब्यातल्यात फुलांचा वास, पहिल्या घोटात हलकी तुरटपणाची धार, मागून गोडवा. वाटीतल्याचा रंग जवळपास तसाच उतरला, तुरटपणाही होता, पण वास गेलेला. दार्जिलिंगच्या वासात लिनालूल आणि जिरॅनिऑल यांसारखी उडून जाणारी द्रव्यं मोठा वाटा उचलतात. ती गेली की मागे उरतो तो तुरट, तपकिरी अर्क.

मग वाटीतलं पान मंद आचेवर, हात लावून सोसेल इतक्या गरम तव्यावर वाळवून पाहिलं. वजन खाली आलं, पान पुन्हा कुडकुडीत झालं. चव परतली नाही. ओल काढता येते, गेलेला वास परत घालता येत नाही. ४ जूनच्या अंदाजाला हा पहिला आधार.

१८ जून

आज डब्यांची पारख.

पारदर्शक काचेची बरणी दिसायला सुंदर, पण हिरव्या चहासाठी मी बाद केली. उजेडाने हरितद्रव्य मोडतं, हिरवं पान मळकट पिवळसर-तपकिरी होत जातं आणि चवीत शिळेपणा येतो. बरणी अंधाऱ्या कपाटात राहणार असेल तर हरकत नाही. पण मग ती काचेची असण्यात फायदा तो काय?

साध्या प्लास्टिकचे डबे आधीचा वास सोडत नाहीत. रिकामा डबा घासून, पुसून, एक रात्र झाकण लावून ठेवायचा आणि सकाळी उघडल्या उघडल्या नाक लावायचं. वास आला तर तो चहासाठी नाही. प्लास्टिकचे बहुतेक डबे इथेच गळाले. पत्र्याच्या एका नव्या डब्यालाही रंगाचा वास होता. तो उघडा ठेवून दिला आहे, गेला तर वापरू.

झाकण खरंच हवाबंद आहे का, हे बोटांना कळत नाही. त्यासाठी सिलिका जेलचे नारिंगी दाणे वापरले. हे दाणे ओल धरल्यावर हिरवे होतात. रिकाम्या डब्यात थोडे दाणे टाकून झाकण लावलं आणि डबा बाजूला ठेवला. ज्याचे दाणे दोन-तीन दिवसांत रंग बदलतील त्याचं झाकण गळतं. दाणे फक्त रिकाम्या डब्याच्या परीक्षेला, चहात टाकायचे नाहीत.

आता मोकळ्या जागेचा प्रश्न, ज्याकडे फार कमी लक्ष जातं. अर्ध्या लिटरचा डबा निम्मा रिकामा असेल तर आत पाव लिटर हवा आहे, आणि त्यातला एक पंचमांश, म्हणजे ५० मिलीलिटरच्या वर, प्राणवायू. रोज झाकण उघडलं की ही हवा रोज ताजी होते, आणि बाहेर जाणारी हवा चहाचा वास बरोबर घेऊन जाते. डबा कितीही चांगला असो, रोज उघडला जाणारा मोठा डबा हळूहळू वाटीसारखाच वागायला लागतो.

म्हणून प्रत्येक चहाचे दोन भाग केले. आठवडा-दोन आठवडे पुरेल इतका लहान डब्यात. बाकीचा आतून ॲल्युमिनियमचा थर असलेल्या झिपच्या पाकिटात, हवा दाबून काढून, तोंड चिकटपट्टीने बंद करून. लहान डबा काठोकाठ भरायचा, आणि संपला की मगच पाकीट उघडायचं. या सगळ्या खटाटोपातून एकच गोष्ट करायची झाली, तर मी ही सांगेन.

२४ जून

फ्रिजचा प्रश्न फक्त सेंचापुरता. हिरव्या चहाचं ताजेपण उष्णतेने झपाट्याने जातं, तेव्हा थंडावा त्याला मानवतो. पण फ्रिजमध्ये ओल असते, दहा पदार्थांचे वास असतात, आणि खरा धोका पाकीट बाहेर काढल्यावर असतो. थंडगार पानाला खोलीची दमट हवा लागली की त्यावर दव धरतं. मग आठवडाभर जपलेलं पान पाच मिनिटांत सादळतं.

ठरलं असं: न उघडलेली पाकिटं दुसऱ्या बंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये. हवं तेव्हा आदल्या संध्याकाळी बाहेर, आणि पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावरच कात्री. एकदा फोडलेलं पाकीट परत आत जाणार नाही. आसाम, दार्जिलिंग यांना फ्रिजची गरज नाही, थंड अंधारं कपाट पुरे.

३० जून

पु-अरची चकती सगळ्या नियमांना अपवाद. ती हवाबंद केली तर तिचं पुढे पिकणं थांबतं आणि कोंदट वास येतो. तिला थोडी हवा लागते, थोडी ओलही. जिच्यात सूक्ष्मजीवांचं काम कारखान्यातच ढीग भिजवून, झाकून घडवून आणतात ती पक्की पु-अर. ही पद्धत चीनच्या युनान प्रांतात १९७० च्या दशकात बसवली गेली. माझी चकती पक्की आहे. कच्ची पु-अर वर्षानुवर्षं साठवणीतच हळूहळू बदलत जाते, तिच्याबाबत साठवण हीच निम्मी कृती.

चकती तिच्या मूळ कागदात गुंडाळून साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली, बाकीच्या चहांपासून लांब, कारण तिचा मातीसारखा गडद वास इतरांना लागेल. खोक्यात आर्द्रतामापक ठेवला. ६० ते ७० टक्के असेल तर निश्चिंत. त्याच्या बरंच वर जायला लागलं तर खोकं कोरड्या खोलीत हलवायचं, कारण पुढची पायरी बुरशी. केसाळ, पांढरी वा हिरवी बुरशी दिसली तर चकती टाकून द्यायची, खरवडून वापरायची नाही. फू नावाच्या, विटेसारख्या दाबलेल्या चहात मात्र आतले पिवळे ठिपके मुद्दाम वाढवलेले असतात, तो वेगळा प्रकार.

५ जुलै

साठवण मार्गी लागली, आता पाणी. कपात ९९ टक्क्यांच्या आसपास तेच असतं.

आसाम दोन पाण्यांत केला, एक जड आणि एक गाळून क्षार कमी केलेलं. जड पाण्यातला काळपट, चवीला बोथट, आणि थोड्या वेळात वर तवंग. हा तवंग तेलाचा नसतो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात मायकेल स्पायरो यांनी १९९० च्या दशकात याचा अभ्यास केला होता. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, चहातली द्रव्यं आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की पृष्ठभागावर तो बनतो. लिंबाचे दोन थेंब टाकले की तवंग धरत नाही, कारण सायट्रिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतं. रंगही लगेच उजळतो. मात्र दार्जिलिंगमध्ये मी लिंबू घालणार नाही, त्याचा स्वतःचा वास त्याखाली दबतो.

दुसरं टोकही बरं नाही. अजिबात क्षार नसलेल्या पाण्यात चहा पोकळ लागतो.

पाणी दुसऱ्यांदा उकळलं तर त्यातला प्राणवायू जातो आणि चहा बिघडतो, असं बरेच जण सांगतात. पहिल्याच उकळीला विरघळलेले वायू जवळपास सगळे निघून जातात, तेव्हा या भीतीला मी फारसं महत्त्व देत नाही. तासभर खदखदून क्षार घट्ट झालेलं पाणी मात्र टाकून द्यावं.

आणखी एक मोजणी: उकळतं पाणी थंड चिनीमातीच्या किटलीत ओतलं तर पारा ८७ अंशांवर आला, आधी गरम पाण्याने खळबळून घेतलेल्या किटलीत ९५ वर राहिला. काळ्या चहाला हे आठ अंश फार महत्त्वाचे. उंचावर राहणाऱ्यांनी तर किटली तापवायलाच हवी, कारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने खाली येतो.

१२ जुलै

सेंचा. ३ ग्रॅम, १५० मिली, दीड मिनिट, तापमान ९०, ८०, ७०, ६०.

९० ला कडवट आणि तुरट, घशाला लागणारा. ८० ला बरा, पण कडेला कडूपणा. ७० ला चव उघडली: गोडसर, जाडसर, समुद्राच्या शेवाळासारखा वास. ६० ला अजून मऊ, फक्त मुरायला वेळ जास्त द्यावा लागला. थिॲनिन हे अमिनो आम्ल कमी गरम पाण्यातही सहज उतरतं, आणि मऊ गोडवा बराचसा त्याचा. कडूपणा आणि तुरटपणा आणणारी कॅटेचिन्स आणि कॅफिन यांना उष्णता लागते. पाणी थंड करत जाणं म्हणजे या दोन गटांतलं प्रमाण हाताने फिरवणं. ग्योकुरो हा चहा तोडणीआधी सुमारे तीन आठवडे सावलीत वाढवतात, कारण ऊन मिळालं की पानातलं थिॲनिन कॅटेचिन्सकडे वळतं. म्हणून त्याला ५० ते ६० अंशच पुरतात.

तापमापक नसेल तर उकळतं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात ओतायचं. दर ओतण्याला साधारण १० अंश उतरतात. बुडबुड्यांवरूनही अंदाज येतो. चिनी चहाकारांनी त्यांना कोळंबीचे डोळे, खेकड्याचे डोळे, माशाचे डोळे अशी चढती नावं दिली आहेत. तळाशी बारीक मणी दिसायला लागले की हिरव्या चहावाल्याने आच बंद करावी.

२० जुलै

काळे चहा. तुलनेसाठी आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकाचं माप धरलं: १०० मिलीला २ ग्रॅम, उकळतं पाणी, झाकून ६ मिनिटं. हे मानक १९८० मध्ये आलं, आणि त्याचा हेतू दोन चहा एकाच फूटपट्टीने तपासणं हा आहे. अशा कपात दोष ठळक दिसतात. पिण्यासाठी तो मला फार कडक.

पिण्याचं माप असं ठरलं: आसाम २.५ ग्रॅम, २०० मिली, पूर्ण उकळतं पाणी, ४ मिनिटं. दार्जिलिंग फर्स्ट फ्लश तेवढाच, पण ८८ ते ९० अंश आणि ३ मिनिटं. हा चहा काळा म्हणवतो, पण त्याचं पान बरंच सुकवून घेतलेलं आणि पूर्ण न काळवंडलेलं असतं, पाकिटात हिरवे तुकडे सरळ दिसतात. त्याला आसामसारखं वागवलं तर तो फक्त तुरट होतो.

रंगावर विसंबू नये. रंग पहिल्या मिनिटातच चढतो, अंग नंतर येतं. जास्त कडक हवा असेल तर पान वाढवावं. वेळ वाढवली तर कडकपणाबरोबर तुरटपणाही येतो.

जाळीच्या छोट्या गोळ्यातला चहा सपक लागतो, कारण पान फुलायला जागाच नसते. किटलीच्या तोंडाएवढी रुंद, खोल गाळणी घेतली आणि त्याच मापात चव भरली. वेळ झाली की गाळणी उचलायची, पान दाबून पिळायचं नाही.

थंड झालेला आसाम गढूळ झाला. कॅफिन आणि काळ्या चहाला रंग व तरतरी देणारी थिआफ्लेविन्स यांची जोडी थंड पाण्यात विरघळलेली राहत नाही, म्हणून असं होतं. गरम केल्यावर पुन्हा स्वच्छ. हा चांगल्या, तरतरीत चहाचा गुण आहे, त्याला घाबरून चहा ओतून देऊ नये.

२८ जुलै

ऊलाँगसाठी झाकणाची वाटी, म्हणजे गाइवान. ५ ग्रॅम, १०० मिली, ९५ अंश. पहिलं पाणी २५ सेकंद, दुसरं १५, कारण तोवर गोळी उमलायला लागलेली असते, मग दर वेळी दहा-पंधरा सेकंद वाढवत. दर वेळी शेवटच्या थेंबापर्यंत ओतायचं. तळाशी राहिलेलं पाणी मुरत राहतं आणि पुढचा कप कडू करतं.

तिसरा कप सगळ्यात सुंदर. ऑर्किडसारखा वास झाकणाच्या आतल्या बाजूला सर्वात स्पष्ट येतो, तो आधी घ्यावा. पाचव्या-सहाव्या कपापर्यंत गोळीचं पूर्ण पान झालेलं असतं, देठासकट, हाताने पसरता येतं. वाटी पानांनी भरून जाते. मोठ्या किटलीत चार मिनिटं मुरवलेला हाच चहा वाईट नाही, पण त्यात हे सगळे टप्पे एकात मिसळून जातात, आणि मला ते वेगवेगळे हवे आहेत.

३ ऑगस्ट

थंड चहा: १ लिटर पाण्याला १० ग्रॅम सेंचा, फ्रिजमध्ये ८ तास. गोड, स्वच्छ, कडूपणा नावाला. बरणी उन्हात ठेवून चहा उतरवण्याची पद्धत मी घेत नाही, ते पाणी जंतू मारण्याइतकं तापत नाही. फ्रिजमधलाही दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवायचा.

१२ ऑगस्ट

साठवणीची दुसरी फेरी. एकाच दिवशी भरलेला दार्जिलिंग तीन ठिकाणचा: न उघडलेल्या पाकिटातला, काठोकाठ भरून संपत आलेल्या लहान डब्यातला, आणि तुलनेसाठी मुद्दाम ठेवलेल्या मोठ्या, निम्म्या रिकाम्या, रोज उघडलेल्या डब्यातला. तिन्हीला आयएसओचं माप.

पाकीट आणि लहान डबा यांत फरक होता, पण शोधावा लागला. मोठ्या डब्यातला लगेच ओळखू आला. वाटीतल्याइतका मेलेला नाही, पण त्याच वाटेवर. नंतर त्याच मोठ्या डब्यातल्या पानावर कमी तापमान, जास्त पान, कमी वेळ असं करून पाहिलं. तुरटपणा कमी झाला, वास वर आला नाही.

जुन्या सेंचाचा एक उपयोग मात्र सापडला. कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर सतत हलवत तपकिरी होईपर्यंत भाजला. भाजल्याने पायराझिन्स तयार होतात, खमंग वास येतो, आणि तो उकळत्या पाण्यातही कडवट होत नाही. जपानमध्ये याच धाटणीच्या चहाला होजिचा म्हणतात. मूळ हिरवी चव परत येत नाही, पण नवी चव मनापासून आवडली.

१४ ऑगस्ट

चिठ्ठ्या लिहून झाल्या. प्रत्येक डब्यावर चहाचं नाव, पाकीट फोडल्याची तारीख, ग्रॅम, अंश, मिनिटं. सेंचा फोडल्यापासून दोन महिन्यांत संपवायचा, दार्जिलिंग सहा महिन्यांत, आसाम वर्षभर चालेल.

रंगाचा वास असलेल्या पत्र्याच्या डब्याची आज पुन्हा परीक्षा घेतली. वास गेला आहे. त्याच्या झाकणाची दाण्यांची परीक्षा बाकी आहे, ती उद्यापासून. पास झाला तर त्यात ऊलाँग जाईल.